हलकी काठी

आमच्या यांची मासे धरायची जुनी गरी म्हणजे गरी नव्हतीच, लग्नाच्या मांडवाचा खांब होता तो. बुडाशी माझ्या मनगटाएवढी जाड, उभी केली तर ओसरीच्या छपराच्या कवेलूंना धडकेल एवढी लांब, आणि जड किती, तर कोणी एका हाताने उचलून दाखवावी. ती धरायलाच दोन हात लागायचे. बूड पोटाशी टेकवायचं, शेंडा खांद्यावरून मागे न्यायचा आणि कमरेतून वळून अशी झोकायची, की गळ वैनगंगेच्या थेट मधल्या धारेत जाऊन पडला पाहिजे. हे गरी झोकायला लागले की काठावर धुणं धुणाऱ्या बाया आपापली बादली घेऊन बाजूला सरकत. एकदा एकीचं लुगडंच गळाला लागलं होतं. ती यांना जे बोलली ते मी इथे लिहू शकत नाही, पण मला ते पटलं होतं.

ती काठी माझ्या माहेरची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला हे आंबागडला आले. नवा जावई म्हणून आईने शर्टपँटचं कापड काढून ठेवलं, अनरसे केले, शेजारच्या बायका डोकावून जात होत्या. आणि जावई कुठे? घरामागच्या बांबूच्या बेटात मान वर करून उभे. बाबांनी विचारलं, "काय पाह्यता जी?" तर म्हणाले, "मामाजी, हा एक देता काय?" कापडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. परत येताना कंडक्टर तो बांबू आत घेईना, म्हणून एसटीच्या टपावर बांधला. लोकांच्या बायका माहेराहून पातळं आणतात आणि मी बांबू आणला, म्हणून मी भंडारा येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. प्रत्येक थांब्यावर खाली उतरून बांबू पाहून येत होते.

मग त्या बांबूची जी सेवा झाली, तशी माझ्या बाळंतपणात माझी झाली नाही. शेकून सरळ केला, पेरं घासून गुळगुळीत केली, जवसाचं तेल पाजलं, पुन्हा वाळवला, पुन्हा तेल. वर्षं गेली तशी ती काठी काळपट तपकिरी झाली आणि दोन हातांच्या दोन जागा तिच्यावर आपोआप उमटल्या. तेव्हा हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. क्वार्टर केवढं, तर गरी आडवी ठेवली की शेंडा खिडकीतून बाहेर निघायचा. पलीकडची बाई त्याच्यावर टॉवेल वाळत घालायची. हे ड्युटीवरून आले की आधी तो टॉवेल काढून तिच्या दारात नेऊन देत, मग पाय धूत. मी म्हणायची, "सवत आणली बाप्पा माझ्याच बापाच्या घरून." हे म्हणत, "अवं, सवत मासे आणून देते काय कोणाची?"

मासे आणायचे, हे खरं. पण मासा यांना खाण्यासाठी नको असायचा, हे मला फार उशिरा कळलं. यांना पाहिजे असायचा तो मासा गळाला तोंड लावतो तेवढा क्षण. म्हणायचे, "तो येते. जरासा ढकलून पाह्यते. जाते. मंग पुन्हा येते. ते सगळं इथे येते," आणि दोन्ही तळहात माझ्यापुढे धरायचे. काठी पाण्यात, डोळे मिटलेले, आणि हे सांगणार रोहू आहे की मरळ. बरोबर सांगायचे हो! मी चिडायची. म्हटलं, एवढा संसार झाला, माझ्या मनात काय चाललंय ते कधी ओळखलं नाही, आणि पाण्याखालच्या माशाचं ओळखता. तर म्हणाले, "मासा तोंड बंद ठेवते नं."

फॅक्टरीत दसऱ्याला मशिनींची पूजा व्हायची. हे तिथून प्रसाद घेऊन आले की घरी आमची पूजा. माझी शिलाई मशीन, विळा, यांची स्कूटर, आणि भिंतीला टेकवलेली ती गरी. तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल, वर नारळाचं पाणी शिंपडायचं. मी हसायची, पण कुंकू मीच लावायची. तिला यांच्या हातचं कुंकू नीट लागत नव्हतं, सांडायचंच फार.

हातांचं सुरू झालं ते शर्टाच्या बटनांपासून. बटनं लागेनात. हे म्हणाले, टेलरने काजं लहान केली. मी तो शर्ट घेऊन टेलरकडे गेले आणि भर दुकानात त्याला झाडलं. बिचाऱ्याने काजं मोठी करून दिली. तरी बटनं लागेनात. मग चावी कुलपात जाईना. मग चहाचा कप हातातून सुटला, आणि यांना तो फुटल्याच्या आवाजावरून कळलं. नागपूरला नेलं. मशीनमध्ये झोपवून मानेचे फोटो काढले. मानेत नस दबली होती. डॉक्टर भला माणूस, त्याने नीट समजावून सांगितलं, की ऑपरेशन केलं नाही तर पायही जातील, केलं तर पाय राहतील, हातांचं सांगता येत नाही. ऑपरेशन झालं. पाय राहिले, मान दुखायची थांबली. हात आले नाहीत.

म्हणजे दिसायला तसेच. हलतात, मुठी वळतात, जरा कमजोर. पण त्यांना काही कळत नाही. "हातमोजे घातल्यावानी वाटते," हे म्हणाले, "अन् ते काढता येऊन नाही राहिले." डॉक्टर म्हणाला, वाट पाहा. आम्ही पाहिली. यांची नोकरी संपली, क्वार्टर सोडलं, जवळच शहापूरला आमचं घर झालं होतं तिथे राहायला आलो. गरी टेम्पोच्या टपावर बांधून आणली. हात काही आले नाहीत.

एका सकाळी मला न सांगता हे ती काठी खांद्यावर टाकून नदीवर गेले. नेहमीसारखी मागे नेली, झोकली, आणि काठीच यांना ओढून घेऊन पाण्यात गेली. गुडघाभर पाणी, पण उठता येईना, कारण उठायला हात टेकवावे लागतात आणि हात चिखलात टेकले की दगडावर, ते कळेना. जाळं गुंडाळत बसलेल्या एका ढिवराने धरून उभं केलं आणि मोटरसायकलवर मागे बसवून घरी आणून सोडलं. काठी त्याने बिचाऱ्याने दुसऱ्या खेपेत आणली. मी दारातच सुरू झाले. "मरायचं होतं तं सांगून मरावं माणसाने! जिवाले काही लाज?" पुष्कळ बोलले. मला सवय अशी, की मी दहा शब्द बोलले की हे एक बोलतात आणि मला हसू येतं. त्या दिवशी ते एक काही आलं नाही. ओल्या कपड्यांनी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बटनं काढून दे."

मी बटनं काढून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

त्यानंतर घरात जी शांतता आली ती मला सहन होईना. मी भांडणारी बाई आहे, मला समोर कोणी तरी लागतं. हे टीव्हीसमोर बसून राहायचे. रिमोटची बटनं दाबली जायची नाहीत म्हणून जे लागलं असेल ते पाहायचे. बायकांच्या मालिका पाहायचे. एकदा मी भाकरी टाकता टाकता विचारलं, "अजी, तुमाले पाह्यजे तरी काय?" मला वाटलं म्हणतील काही नाही. तर म्हणाले, "एक मासा हाताले लागला पाह्यजे. एकच. खायले नाही वं. तो गळाले तोंड लावते नं, तेवढं एकदा कळलं पाह्यजे. मंग नाही गेलो नदीवर तरी चालते." हा माणूस कधी काही मागत नाही. मी तव्यावरची भाकरी जळू दिली.

मग मी डोकं चालवलं. हात कमजोर आहेत ना, तर वस्तू हलक्या करायच्या. घरात मी तेच करत आले होते. पितळी लोटा जाऊन प्लास्टिकचा मग आला, स्टीलचे पेले जाऊन प्लास्टिकचे आले. मोबाइलवर मासे धरणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले तेव्हा दिसलं, की आता लोक बांबू वापरतच नाहीत. सुतळीसारख्या बारीक काळ्या काठ्या, त्यांना दोरा गुंडाळायची चरखी लावलेली, बोटावर तोलून धरतात आणि केवढाले मासे काढतात. आमचा पोरगा पुण्याला असतो, त्याला सांगितलं असतं तर त्याने घरपोच पाठवली असती. पण हे काम मला माझ्या हाताने करायचं होतं. मी एकटी बसने नागपूरला गेले.

दुकानातला पोरगा मला पाहून गोंधळला. "आंटी, किसके लिए चाहिए?" म्हटलं, "मेरे मिस्टर के लिए. सबसे हलकी दिखाओ." त्याने एक दाखवली, दुसरी दाखवली. मी म्हणत राहिले, और हलकी. शेवटी तो आतून एक घेऊन आला. मी हात पुढे करून उभी. म्हटलं, "अरे दो ना." तो म्हणाला, "दिया ना आंटी." खरंच माझ्या हातात होती! एवढी हसले मी त्या दुकानात, की शेजारचा गिऱ्हाईकही हसायला लागला. बरोबर चरखी घेतली, दोरा घेतला, आणि ती काठी मांडीवर धरून भंडाऱ्यापर्यंत आले. बांबूला घेऊन निघाले होते तेव्हाचा राग आठवत होता, आणि आता वाटत होतं, बसमधल्या सगळ्यांना दाखवावी.

यांनी ती पाहिली आणि चेहरा असा उजळला, की मी नजर दुसरीकडे वळवली. दोन्ही हातांत घेतली, एका हातात घेतली, अंगणात झोकून पाहिली. चरखी फिरवता येत होती. खांदा दुखत नव्हता, तोल जात नव्हता. "अवं, हे तं काहीच नाही!" म्हणाले. "हवेतच आहे जशी!" किती तरी महिन्यांनी घरात मोठ्याने बोलले. मीही लगेच सुरात आले. म्हटलं, "मंग? तुमच्यासारखी नाही, काम करते म्हटलं की करते."

आता जुनीचं काय करायचं, हा प्रश्न. मी म्हटलं, राहू द्या परसात, कपडे वाळत घालायला कामी येईल. हे केवढे संतापले! "तिले कुंकू लावलं तू एवढे वर्षं, अन् तिच्यावर चड्ड्या वाळवतं काय?" पूजा घेतलेली वस्तू आमच्याकडे कोपऱ्यात टाकत नाहीत, चुलीत घालत नाहीत, कोणाला वापरायलाही देत नाहीत. भंगलेला देव असो की जुना झालेला फोटो, पाण्यातच सोडायचा. फॅक्टरीत मशीन मोडीत निघाली तर तिला हार घालून निरोप देत, हे यांनीच मला सांगितलेलं. तर गरीलाही पाण्यातच सोडायचं ठरलं. यांनीच ठरवलं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, कोणालाच वाटलं नसतं.

नदीवर गेलो. मी तिला शेवटचं हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल मिळालं नाही म्हणून जास्वंद वाहिलं. यांनी बूड धरलं, मी मधे धरलं, आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन सोडली. बांबू कशाला बुडतो. आधी आडवी झाली, काठाकाठाने जरा रेंगाळली, मग धारेला लागली आणि चालली. हे हात जोडून उभे. मला वाटलं होतं मला बरं वाटेल, सवत गेली म्हणून. पण माझ्या बाबांनी दिलेली ती एकच वस्तू घरात उरली होती, हे मला ती दिसेनाशी झाल्यावर आठवलं. पाण्यातच उभी राहून रडले. हे म्हणाले, "चाल, नवी आहे नं आता."

दुसऱ्या दिवशी गावामागच्या तलावावर गेलो. नदी नको म्हटलं, तलावाला धार नसते. मी प्लास्टिकची खुर्ची नेली, डब्यात कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून नेली. गळाला गोळा मी लावला, ते काम यांना आता जमत नाही. गोळा नीट लावला नाही म्हणून यांनी दोन वेळा काढायला लावला, तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं माणूस ताळ्यावर आला. मग यांनी झोकली. काय सुंदर गेली! मासा लागल्याचं कळावं म्हणून दोऱ्याला मोरपिसाची दांडी बांधलेली, ती दूर पाण्यावर उभी राहिली. हे खुर्चीत बसले, काठी दोन्ही हातांत, आणि डोळे मिटले. मी शेजारी गवतावर बसले. शिंगाड्याचे वेल पसरले होते पलीकडे, एक बगळा त्यांच्यावरून पाय उचलत चालला होता. मला फार सुख झालं. मनात म्हटलं, आता एक मासा येऊ दे रे देवा, लहान असला तरी चालेल.

जरा वेळाने डोळे मिटलेलेच ठेवून हे म्हणाले, "काठी आहे नं हातात?"

मला वाटलं, थट्टा करतात. म्हटलं, "नाही, माझ्या डोक्यावर आहे." यांनी डोळे उघडून हातांकडे पाहिलं. मग पिसाकडे पाहिलं. मग पुन्हा हातांकडे. मग तेच चालू झालं, पीस आणि हात, पीस आणि हात. नळाखाली घागर लावून माणूस चुलीवरच्या दुधाकडेही पाहतो, तसं. आणि नेमकं हे पिसाकडे पाहत असताना पीस बुडालं. सरळ, डुबकन.

यांनी झटका दिला. तोच जुना झटका, कमरेतून, दोन्ही हात पोटापासून खांद्यापर्यंत. अंग मागे टाकलं, दात आवळले. आणि हातांत काही नव्हतं. काठी तेवढ्यातच मांडीवरून घसरून चिखलावर पडली होती आणि मासा तिला ओढत पाण्यात नेत होता. हे रिकामे हात वर धरून तसेच मागे झुकलेले. ते पाहिलं मी. माझ्या वैऱ्यावरही ती वेळ येऊ नये.

मी लुगडं सावरायच्या भानगडीत न पडता पाण्यात धावले आणि काठी पकडली. मासा सुटला होता. दोन्ही हातांनी तिला कवटाळून मी चिखलात उभी राहिले, मागे वळायची हिंमत होईना. मागून आवाज आला, अगदी शांत, "जुनी जड होती नं. तिचं वजन खांद्याले समजे. ही कायलेच समजत नाही."

तेव्हा मला सगळं उलगडलं. प्लास्टिकचे पेले यांच्या हातून जास्त पडायचे. मी ओरडायची, "एवढा हलका पेला धरता येत नाही?" धरता येत होता, पण धरलाय हे कळत नव्हतं. पितळी लोटा असताना कोपराला, दंडाला ओझं लागायचं, म्हणून कळायचं. मी घरातलं एकेक ओझं काढत गेले आणि यांच्या हातांना उरलंसुरलं जे कळत होतं, तेही गेलं.

मी गप्प बसणारी नाही. घरी येऊन काठीच्या बुडाला शिशाचे गोळे बांधले, वर तार गुंडाळली. आता कळते काय? नाही. आणखी बांधले. नाही. मापाचं लोखंडी वजन बांधलं तेव्हा म्हणाले, "हौ, आता कळते." आणि कळलं तोवर ते उचलवेना, हात थरथरून खाली आले. वजन काढलं की उचलते, पण कळत नाही. असं किती वेळ चाललं. शेवटी मी एक फडकं घेऊन काठी मनगटाला बांधायला गेले, तर यांनी हात मागे घेतला. "बैल आहो काय मी, दावं लावते?" म्हणाले. मी वजन, तार, शिसं सगळं अंगणात भिरकावलं. कोणावर रागावू? बांबूवर? नागपूरच्या पोरावर? त्याने तर मी मागितली तीच दिली.

आणि जुनी असती तरी काय झालं असतं, हे मला माहीत आहे. ती यांना कळली असती आणि पुन्हा पाण्यात घेऊन गेली असती. यांनाही माहीत आहे. तरी नदीच्या पुलावरून बस गेली की हे खिडकीतून खालच्या पाण्याकडे पाहतात. मी तेव्हा काहीतरी बडबडत राहते.

अलीकडे आम्ही पुन्हा तलावावर जातो. हल्ली काठी जमिनीत रोवलेल्या बेचकीवर ठेवतो. असे बेचकीवर गरी ठेवून विडी ओढत बसणारे लोक यांना कधी आवडले नाहीत. "ते मासे धरून नाही राहिले," म्हणायचे, "टाइमपास करून राहिले." आता आम्ही तेच. पीस बुडालं की मी उठून काठी उचलते. दोन-तीन मासे काढले मी. रोहू होते. आधी मला सांगता आलं नाही, वर आल्यावर दिसले. पहिल्याच्या वेळी हे म्हणाले, "छान काढला." मी तो मासा यांच्या तळहातावर ठेवला, तडफडत होता जोरात. हे पाहत राहिले त्याच्याकडे, आणि मग म्हणाले, "सोड त्याले."

परवा असंच बसलो होतो. दुपार कलली होती, वारा नव्हता, पीस जागचं हलत नव्हतं. मी यांचा हात हातात घेतला होता. हे मी रोज करते आता. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी धरला, तेव्हापासून सवयच झाली. घरी झोपताना धरते, बसमध्ये धरते. आयुष्यभर भांडले, चारचौघांत कधी हात धरला नाही, आणि आता या वयात धरते. माझं मलाच त्याने बरं वाटायचं. वाटायचं, बोलून नाही दाखवता येत मला, पण हे तरी पोचतंय.

आणि बसल्या बसल्या ते डोक्यात आलं. एवढे दिवस कसं आलं नाही, देव जाणे. काठी कळत नाही, पेला कळत नाही, फडफडता मासा कळत नाही.

म्हटलं, "अजी, मी तुमचा हात धरते ते कळते काय तुमाले?"

यांची नजर पिसावर होती. "हौ," म्हणाले, "कळते नं."

मी हळूच माझा हात काढून घेतला. माझ्या मांडीवर ठेवला. यांचा हात खुर्चीच्या दांडीवर एकटा होता. हे तसेच पाण्याकडे पाहत बसलेले. मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"आत्ता? आत्ता कळून राहिलं काय?"

"हौ नं वं," हे म्हणाले. "गरम आहे तुझा हात."

यांनी खाली पाहायच्या आत मी तो पुन्हा धरला, दोन्ही हातांनी.